नाव एक, माप दोन

एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू वावरू लागल्या की व्यवहारात घोटाळा ठरलेलाच. आम्हां माळव्यातील मंडळींना हे निराळे शिकवावयास नको. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून देवासच्या दोन गाद्या चालत आल्या. गाव एक, आडनाव एक, पण राजे दोन! १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत नुसते ‘देवास’ म्हणून भागत नसे. थोरली पाती की धाकटी, हे सांगावेच लागे.

संगणकाच्या सी भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी हाच धडा गिरवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या भाषेत पूर्णांक ठेवण्याच्या जागेस ‘इंट’, ‘लाँग’ अशी नावे आहेत. परंतु भाषेने त्यांची किमान लांबी तेवढी ठरविली आहे, नेमकी नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तोच ३२ बिटांचा. येथेही पात्या दोन!

आकडा छापताना ‘प्रिंटएफ’ला त्याचा प्रकार सांगणारी खूण द्यावी लागते: ‘इंट’ला ‘पर्सेंट डी’, ‘लाँग’ला ‘पर्सेंट एलडी’. ‘प्रिंटएफ’ आकड्याची शहानिशा करीत नाही, खुणेवर विश्वासते. समजा, एखाद्या पतपेढीचा हिशेब पैशांत ठेवला आहे. तीन कोटी रुपयांचे ३,००,००,००,००० पैसे होतात. ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे काही मावत नाही. रक्कम ६४ बिटांच्या जागेत नीट ठेवली, पण खूण ‘पर्सेंट डी’ दिली, तर आजच्या बहुतेक यंत्रांवर उणे १,२९,४९,६७,२९६ असा आकडा उमटतो. ठेवीचे कर्ज होते! लहान रकमांवर मात्र ही चूक बहुधा दिसतही नाही. म्हणूनच ती अधिक घातक.

‘आमच्या यंत्रावर तर चालते,’ असे काहीजण म्हणतील. १९९६ च्या ४ जून रोजी एरियान ५ हे युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. भाषा निराळी होती, पण आज्ञावलीचा तो भाग एरियान ४ वर बिनतक्रार चालला होता!

उपाय अवघड नाही. १९९९ च्या प्रमाणानुसार ‘इंट ६४ टी’ असे नेमक्या मापाचे प्रकार मिळतात, आणि ‘इंटटाइप्स’ या शीर्षक-फाइलीत त्यांच्या जोडीच्या खुणा आहेत. त्या वापराव्यात. कंपायलरच्या सूचना सुरू ठेवाव्यात व गुरुजींनी वहीत मारलेल्या लाल रेघेइतक्याच मनावर घ्याव्यात.

धारच्या भोजशाळेतील सर्पबंध शिलालेखांत वर्णमाला आणि धातूंना लागणारे प्रत्यय कोरलेले आहेत. कोणत्या रूपास कोणता प्रत्यय, ही काटेकोर शिस्त आमच्या भूमीस नवी नाही. धातूस योग्य प्रत्यय, तशी आकड्यास योग्य खूण, एवढेच आमचे मागणे आहे.