चुन्याचे गोल

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गणपत गल्लीतून जाणे म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगायला नको. आपण चालत नसतोच, गर्दी आपल्याला नेत असते. गल्लीच्या तोंडाशी शिरायचे आणि नरगुंदकर भावे चौकात बाहेर पडून श्वास घ्यायचा. २०२० साली मात्र हीच गल्ली मी हात हलवत, आरामात पार केली होती. ती संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही.

त्या साली चतुर्थी २२ ऑगस्टला होती. मार्चच्या २५ तारखेपासूनची टाळेबंदी, मग जुलैतले रविवारचे बंद, हे सगळे सोसून बाजार नुकता उघडत होता. सार्वजनिक मूर्ती ४ फुटांच्या वर नको, घरची २ फुटांच्या वर नको, असा सरकारी नियम निघाला होता. १९०५ सालापासून सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या आमच्या गावाला मोजपट्टी लावलेली! पण तक्रार करण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते.

‘मास्क नीट घाला, आणि कुठे बोलत उभे राहू नका,’ असे बजावून सौ.ने पिशवी हातात दिली. कपिलेश्वर पूल उतरून बाजारात आलो. दिवे लागले होते. दुकानांपुढे चुन्याने आखलेले गोल पावसाने अर्धे पुसून गेले होते. गिऱ्हाईक गोलात आणि दुकानदार दोरीच्या पलीकडे. नाक-तोंड झाकल्यामुळे माणसे चालीवरून ओळखायची. एका मुलाने लांबून नमस्कार केला. माझा विद्यार्थी असावा. कुणाला साधा ठसका लागला तरी चार माणसे बाजूला सरत. खोकल्याला इतका मान मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

चौकाच्या अलीकडच्या बोळात आमच्या शिंपीकाकांचे दुकान आहे. माझ्या लग्नापासूनचे सगळे कपडे त्यांच्या हातचे. जुलैत त्यांच्या घरात आजार शिरला होता. दाराला कागद चिकटवला, बोळाला पत्रे ठोकले. आता ते बरे होऊन दुकानात बसू लागले होते, हे मला माहीत होते. मार्चमध्ये टाकलेला माझा झब्बाही त्यांच्याकडेच होता.

मी बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा ते मशीनवर उरलेल्या कापडाचे मास्क शिवत होते. दुकानात दुसरे कुणी नव्हते. चालीवरूनच त्यांनी ओळखले असणार.

‘ओ सर! या की, बसा. झब्बा तयार हाय तुमचा.’

आणि त्यांनी उठून खुर्ची पुढे सरकवली.

मी रस्त्यावरूनच हात वर केला. ‘गडबडीत आहे काका, नंतर येतो,’ म्हणालो आणि चालू लागलो. गडबड कसली? हातात रिकामी पिशवी होती आणि आणायच्या होत्या दूर्वा. काका १४ दिवस घरात बंद राहून, पूर्ण बरे होऊन आले होते. त्यांच्यापासून मला काही होणार नव्हते, एवढे वर्तमानपत्र मी वाचत होतो. त्याच सकाळी मोबाईलसमोर बसून बी.ए.च्या मुलांना दया पवारांचे ‘बलुतं’ शिकवले होते. चांगले शिकवले होते, असे वाटतही होते.

चौकात दूर्वा घेतल्या आणि बोळ टाळून खडे बाजारातून परत आलो. घरी आल्यावर पिशवी उन्हासाठी गॅलरीत टांगली, आंघोळ केली. ‘कोण भेटले?’ सौ.ने विचारले. ‘कुणी नाही,’ म्हणालो.

दिवाळीच्या आधी काकांनी दुकानातल्या पोराबरोबर झब्बा पाठवून दिला. बरोबर त्याच कापडाचे दोन मास्क. शिलाई किती, ते पोराला सांगितलेच नव्हते. पैसे द्यायला मीच गेलो आणि दुकानात अर्धा तास बसलो. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी काढला नाही. मी दोनदा काढू पाहिला, तर त्यांनी चहा सांगितला.

परवा पँट कमरेत सैल करून घ्यायला गेलो होतो. बोळात आता गाडी लावायलाही जागा नसते. आत तीन गिऱ्हाइके उभी. काकांनी तोंडातली टाचणी न काढता पायाने खुर्ची पुढे सरकवली.