सौदा करा, पण लिहून

कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारा माणूस साठ लाखांच्या गाडीच्या शोरूममध्ये गप्प का बसतो? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला आहे. समोर काचेचे टेबल असते, हातात कॉफीचा कप येतो, टाय लावलेला तरुण ‘सर, सर’ म्हणत असतो. अशा ठिकाणी भाव करणे आपल्याला कमीपणाचे वाटू लागते. नेमका त्याच संकोचावर शोरूमचा धंदा चालतो.

आपल्या समाजात महागड्या एसयूव्हीचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक वाट इस्राफची, म्हणजे एवढा पैसा गाडीत घालणे ही उधळपट्टी नाही का? दुसरी इज्जतीची. फॉर्च्युनर दारात उभी राहिली की मोहल्ल्यात, बिरादरीत आणि पक्षाच्या कार्यालयातही माणसाचे वजन वाढते. गाडी घ्यावी की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. ज्याने हलाल कमाईतून ती घ्यायची ठरवली आहे, त्याने सौदा कसा करावा, एवढ्यापुरते मला बोलायचे आहे. कारण सौद्यालाही दीन लागू असतो आणि तो दोन्ही बाजूंना लागू असतो.

आधी हिशेब पाहू. समजा, दीड हजार सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची डिझेल एसयूव्ही आहे आणि तिची शोरूम किंमत ६० लाख आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ९ लाख. पेट्रोल असेल तर १३ टक्के. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो, म्हणजे ६० हजार. हा टीसीएस आपला आयकर आगाऊ भरल्यासारखा असतो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. अनेकांना हे माहीत नसते, म्हणून ते पैसे गेलेच असे धरून चालतात. इथपर्यंतचे आकडे सरकारी आहेत, त्यात घासाघीस नाही.

खरा सौदा त्यांच्या खालच्या ओळींत असतो. विमा, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीज, ‘हँडलिंग चार्जेस’, कोटिंग, जुन्या गाडीची किंमत. विक्रेता मात्र आपल्याला शेवटच्या एकाच आकड्यात अडकवतो. ‘ऑन रोड एवढे पडतील, त्यात तुमच्यासाठी दोन लाख कमी करतो,’ असे तो म्हणतो. वरून दोन लाख सोडायचे आणि खालच्या पाच ओळींतून तीन लाख वसूल करायचे, हा यातला जुना डाव आहे. म्हणून मोघम आकड्यावर बोलूच नये. प्रत्येक ओळ वेगळी मागावी आणि प्रत्येक ओळीवर वेगळे बोलावे.

विम्याचेच घ्या. विमा शोरूममधूनच घ्यावा, अशी सक्ती कोणी करू शकत नाही. कोणत्या कंपनीकडून घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तुलना करताना गाडीचे विम्यातले मूल्य, झिरो डेप्रिसिएशन, इंजिनाचे संरक्षण, चोरी झाल्यास पूर्ण बिलाची भरपाई ही कलमे दोन्हीकडे सारखी आहेत ना, एवढे पाहावे. हँडलिंग चार्जेसबद्दल तर सरळ विचारावे की हा पैसा नेमका कशाचा? गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च शोरूम किमतीत धरलेलाच असतो.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर उतरला. पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० टक्के लागत; आता सेस गेला आणि ४० टक्के राहिले. त्यामुळे उतरलेली किंमत ही कर कमी झाल्याची किंमत आहे, विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे. ‘आधीच एवढी कमी झाली आहे, आता आणखी काय?’ या वाक्याला भुलू नये.

आता आपल्या अडचणीकडे येतो. आपल्यातले अनेक जण व्याज टाळतात. भारतात व्याजमुक्त बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे २०१७मध्ये स्पष्ट झाले. बँकेने वस्तू विकत घ्यावी आणि ठरलेला नफा सांगून आपल्याला हप्त्याने विकावी, ही मुराबहाची वाट इथल्या बँकांत उपलब्ध नाही. मग माणूस वर्षानुवर्षे साठवतो, प्लॉट विकतो, भावाकडून कर्जे हसना घेतो आणि पूर्ण पैसे घेऊन शोरूममध्ये जातो. त्याला वाटते, आपण नगद देणार म्हणजे आपले पारडे जड. प्रत्यक्षात उलटे घडते. कर्ज लावून दिले की विक्रेत्याला बँकेकडून मोबदला मिळतो. कर्ज न घेणारा ग्राहक त्याच्यासाठी कमी फायद्याचा असतो.

माझे दुल्हेभाई बांधकामाची कंत्राटे घेतात. त्यांच्यासोबत मी अशाच एका शोरूममध्ये गेलो होतो. ‘नगद पैसा है, झुकेंगे ये लोग,’ असे ते गाडीत बसून म्हणत होते. कर्ज नको म्हटल्याबरोबर समोरच्या मॅनेजरचा उत्साह ओसरला. कर्ज आणि विमा आमच्याकडून घेतलात तर तीन लाख सूट, नाहीतर एक लाख, असे त्याने सांगितले. आम्ही वाद घातला नाही. प्रत्येक बाब वेगळी लिहून ईमेलवर पाठवा, म्हणालो. तसाच कागद दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याकडूनही मागवला. पंधरा दिवस गेले. हँडलिंगचे २५ हजार निघाले. ८५ हजारांचा अॅक्सेसरीजचा संच आम्हाला नकोच होता, तोही निघाला. विमा तिथे २ लाख ६४ हजारांचा होता; तीच कलमे बाहेर १ लाख ८८ हजारांत मिळाली. शेवटी बिलावर अडीच लाखांची सूट आली, तीही कर्ज न घेता. एकूण ४ लाख ३६ हजार रुपये कमी गेले. यात आवाज चढवावा लागला नाही की कोणाची ओळख काढावी लागली नाही.

नगद याचा अर्थ नोटांची पिशवी नव्हे, हेही सांगायला हवे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेण्यास आयकर कायद्याने २०१७पासून बंदी आहे. पैसा बँकेतूनच जायला हवा. आणि ‘शून्य टक्के व्याज’ अशी जाहिरात दिसली तर एकच प्रश्न विचारावा. ही योजना न घेता पूर्ण पैसे दिले तर किती सूट? जी सूट योजनेत मिळत नाही, ते व्याजच दुसऱ्या नावाने दिलेले असते. त्याचा शरई निर्णय उलेमांना विचारावा, पण हिशेब आपण स्वतः मांडावा.

चेहरा पाहून भाव ठरतो, याचाही अनुभव आपल्याकडे अनेकांना आहे. टोपी, दाढी, बुरखा, साधी चप्पल पाहून टेस्ट ड्राइव्हला टाळाटाळ होते. पत्ता ऐकून कर्जाचा अर्ज रेंगाळतो. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात, अशी नोंद आहे. यावर चिडून महागडे घड्याळ दाखवणे हा उपाय नाही. चेहऱ्यावर ठरणारा भाव कागदावर आणला की चेहऱ्याचे वजन कमी होते. ईमेलवरच्या चौकशीला दाढी नसते.

एकट्याने जाण्यापेक्षा मिळून गेलेले बरे, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा होता. स्टेट बँकेने त्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिले. त्याची चर्चा ‘मराठवाड्यात एवढा पैसा!’ अशी झाली. मला त्यातली एकजूट मोठी वाटते. आपल्याकडे जमाती आहेत, बिरादऱ्या आहेत, व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत. लग्नाच्या हॉलसाठी आपण एकत्र येतो. पाच जणांना त्याच वर्षी गाडी घ्यायची असेल तर एकत्र भाव मागायला काय हरकत आहे?

दुसरे उदाहरणही मर्सिडीजचेच. चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीने २०२१च्या ऑक्टोबरपासून भारतात थेट ग्राहकाच्या नावे बिल करायला सुरुवात केली. गाड्यांचा साठा कंपनीचा, विक्रेता मध्यस्थ आणि किंमत देशभर एक. घासाघीसीत पटाईत असलेल्यांना हे आवडले नसेल. मला ही पद्धत न्यायाच्या जवळची वाटते. बोलण्यात हुशार असलेल्याला स्वस्त आणि भिडस्ताला महाग, असा भाव असू नये. अर्थात तिथेही विमा आणि जुन्या गाडीची किंमत या ओळी आपण तपासायच्याच असतात.

कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत नमाज किंवा रोज्याबद्दल नाही. सूरह बकरातली ती २८२वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे म्हणते आणि साक्षीदार ठेवायला सांगते. चौदाशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या समाजाला दिलेला हा सल्ला आजच्या शोरूममध्ये तंतोतंत लागू पडतो. बुकिंगची रक्कम दिली आणि गाडी महिन्याने येणार, म्हणजे मधल्या काळात आपला पैसा त्यांच्याकडे आहे. किंमत वाढली तर कोणती लागू, बुकिंग रद्द केले तर किती परत, गाडी कोणत्या महिन्यातली, हे सारे लिहून हवे. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षी बनलेली असेल तर आरसीवर ते दिसते आणि विकताना किंमत पडते. डिसेंबरातली मोठी सूट त्याचीच असते. ती घ्यायला हरकत नाही, पण कशाची सूट आहे हे कळून घ्यावी.

एका सौद्याला दुसरा सौदा बांधण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे. तिचे अर्थ फकीहांनी वेगवेगळे लावले आहेत. ‘विमा आमचा घेतला तरच सूट’ हे त्यात कितपत बसते, यावर चर्चा होऊ शकते. पण नजश, म्हणजे भाव फिरवण्यासाठी केलेली बनावट बोली, मना आहे याबद्दल वाद नाही. इथे आरसा आपल्याकडेही वळतो. दुसऱ्या शोरूमचे खोटे कोटेशन मोबाइलवर बनवून दाखवणे, ‘तो पाच लाख सोडतोय’ असे ठोकून देणे, जुन्या गाडीचा अपघात लपवून एक्स्चेंजला देणे हे आपले लोकही करतात आणि वर हुशारी म्हणून सांगतात. विक्रेत्याने लपवलेले ते फसवणूक आणि आपण लपवलेले ते व्यवहारज्ञान, असे दोन काटे ठेवता येत नाहीत. मापात मारणाऱ्यांवर सूरह मुतफ्फिफीन उतरली आहे आणि त्यात घेणाऱ्याचे मापही आले आहे.

एक विनंती शेवटी. टेबलापलीकडचा मुलगा बहुतेक वेळा पगार आणि इन्सेंटिव्हवर जगणारा असतो. कित्येकदा तो आपल्याच वस्तीतला, नुकता पदवीधर झालेला असतो. सूट देण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याला तासन्‌तास ताटकळत ठेवून, अपमान करून काही मिळत नाही. अधिकार ज्याच्याकडे आहे त्या मॅनेजरशी बोलावे, महिनाअखेरीला किंवा तिमाहीच्या शेवटी बोलावे, कारण तेव्हा त्यांना टार्गेट गाठायचे असते. आणि निघताना त्या मुलाचे शुक्रिया म्हणावे.

भाव करणे म्हणजे गरिबी दाखवणे नव्हे. पैगंबर स्वतः व्यापारी होते. घेणारा आणि देणारा दोघांनी खरे सांगितले, दोष उघड केले, तर सौद्यात बरकत येते, ही त्यांची शिकवण आहे. साठ लाखांची गाडी असो की कोथिंबिरीची जुडी, तराजू एकच ठेवावा. आणि त्या जुडीवरचे पाच रुपये मात्र भाजीवालीला सोडून द्यावेत.