उन्हाळ्यात खोदू नका, खापरं धुवा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर पालकांची चौकशी सुरू होते. मी नाशकात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि त्याआधी पुण्याला पुरातत्त्व शिकले, हे आमच्या पंचवटीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. "बाई, पोराला उत्खननाला पाठवायचंय. दोन महिने घरात नुसता लोळतोय. फॉर्म कुठे मिळतो?" पोराने मोबाइलवर ग्रीसमधलं नाहीतर इस्रायलमधलं उत्खनन पाहिलेलं असतं. टोप्या घातलेली गोरी मुलं, हातात ब्रश, मागे निळा समुद्र. आपल्याकडेही असं काहीतरी असणारच, फक्त आपल्याला पत्ता माहीत नाही, अशी आईबापांची समजूत.

असं काही नाही. आणि उन्हाळ्यात नाही, याला तर चांगलं कारण आहे.

युरोपात हिवाळ्यात जमीन गोठते आणि विद्यापीठांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात असतात, म्हणून तिथे उन्हाळ्यात खोदतात. आपल्याकडचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि होळीच्या मागेपुढे आवरायला लागतो. वैशाखात माणूस करपतो हे एक झालंच. पण त्याहून मोठी अडचण मातीची असते. थर ओळखायचे ते मुख्यतः रंगावरून आणि पोतावरून. राखेचा करडा थर, चुन्याने सारवलेल्या जमिनीची पांढरट रेघ, पुराने आणून टाकलेला पिवळट गाळ. खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या भिंतीवर हे सगळं सकाळी स्वच्छ दिसतं. ऊन चढलं की तासाभरात सगळी भिंत एकाच फिकट रंगाची होऊन बसते. मग द्राक्षबागेत औषध मारायचा पाठीवरचा पंप घ्यायचा, भिंतीवर पाणी फवारायचं आणि ओल आहे तोवर घाईघाईने थरांच्या रेघा आखून घ्यायच्या. हे मार्चमध्येच इतकं जिवावर येतं की मे महिन्याचं नाव काढायला नको.

शिवाय कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित जागेत केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे अधिकारी आणि परवानाधारक यांच्याखेरीज कुणालाही खोदता येत नाही. परवाना मागायला सहसा विद्यापीठं, संशोधन संस्था, राज्याचं पुरातत्त्व खातं येतात. आपल्याकडे विद्यार्थ्याने उत्खननात उतरायचा सरळ रस्ता म्हणजे रीतसर प्रवेश घेणं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, इतर विद्यापीठांतही आहे. म्हणजे बीकॉम झालेल्या, नोकरी करणाऱ्या, पण गावाच्या जुन्या मातीबद्दल खरंच जीव असलेल्या माणसाला दार जवळजवळ बंद. माझं भांडण इथे आहे.

ज्यांनी महाराष्ट्राला उत्खनन शिकवलं ते डॉ. हसमुख सांकळिया स्वतः विद्यार्थी असताना एका उन्हाळी उत्खननातच घडले. 1930 च्या दशकात ते लंडनला पीएच.डी. करत होते आणि मॉर्टिमर व्हीलर तेव्हा इंग्लंडच्या दक्षिणेला मेडन कॅसल नावाची प्रचंड टेकडी खोदत होते. तिथे विद्यार्थी होते, हौशी मंडळी होती, बघ्यांची रीघ होती. व्हीलर बघ्यांना पोस्टकार्डं विकून उत्खननाच्या खर्चाला हातभार लावून घेत. सांकळियांनी थर वाचायची शिस्त तिथे उचलली. 1939 मध्ये ते डेक्कन कॉलेजात रुजू झाले. पुढे व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आले आणि 1944 मध्ये तक्षशिलेला त्यांनी शिकाऊ मुलांची शाळाच भरवली. स्वतंत्र भारतातल्या पुरातत्त्वाची एक आख्खी पिढी त्या शाळेतून निघाली.

आता नाशिककरांनी जरा कान द्यावा. 1950-51 च्या हंगामात सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी जे खोदलं, ते आपल्याच गावात. जुन्या नाशकात गोदेच्या काठची मातीची गढी. त्याच मोहिमेत संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे खोदलं गेलं आणि त्या लहानशा खेड्याचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल जगात कुठेही लिहायचं झालं तर आज जोर्वे हा शब्द टाळता येत नाही. गढीत काय निघालं? तळाशी ताम्रपाषाण काळातली रंगीत खापरं आणि गारगोटीची बारीक पाती. त्यावर उत्तरेकडून आलेली काळी चकचकीत भांडी, सातवाहन काळ, आणि वरच्या थरांत मुसलमानी अमदानीपासून मराठेशाहीपर्यंतचा पसारा. तपोवनात रामाची पर्णकुटी दाखवणारे आपण, पण गढीपाशी नेऊन इथे तीन हजार वर्षांपूर्वी माणूस रांधून खात होता असं पाहुण्याला सांगणारा नाशिककर मला क्वचितच भेटला. पांडवलेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा शिलालेख आहे, तो तरी निदान शाळेच्या सहलीत दिसतो. गढी सहलीत नसते. त्या बाजूचं नाव पेपरात येतं ते पावसाळ्यात, काझी गढीची माती ढासळायला लागली आणि रहिवाशांना नोटिसा गेल्या की.

त्या उत्खननाचा अहवाल 1955 मध्ये छापून निघाला. चार-पाच वर्षांत! आपल्या देशात उत्खनन होऊन पंचवीस-तीस वर्षं उलटली, खोदणारे साहेब निवृत्त झाले, तरी अंतिम अहवाल न निघालेल्या जागा काही थोड्याथोडक्या नाहीत. लोक म्हणतात निधी नाही, इच्छा नाही. असेल. पण मी जे पाहिलं त्यावरून सांगते, अडतं ते हातांवाचून. आणि खोदायला नव्हे, खोदून झाल्यावर.

उत्खननात दिवसाकाठी काय मिळतं? नाणं, मणी, मूर्ती हा सणावारचा प्रकार. रोज मिळतात खापरं. घमेली भरभरून खापरं. ती खड्ड्याच्या आणि थराच्या चिठ्ठीसह पोत्यातून छावणीवर येतात. तिथे आखलेल्या चौकटींचं एक अंगण असतं, त्याला सगळे पॉटरी यार्ड म्हणतात. खापर पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रशने माती काढायची, सावलीत वाळवायचं, चौकटीत पसरायचं. मग काठ वेगळे, बुडं वेगळी, तोट्या वेगळ्या, नक्षीची वेगळी. निवडलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, जिथे नक्षी नाही तिथे, बारीक टाकाने काळ्या शाईत स्थळाची अक्षरं, खड्डा, थर आणि साल लिहायचं. हे हजारो वेळा. आकडा चुकला की ते खापर पुरातत्त्वाच्या दृष्टीने मेलं, कारण ते कुठल्या काळाचं हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

विद्यार्थी असताना मला प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका छावणीवर पहिला आठवडा फक्त धुण्यावर बसवलं होतं. मी चिडले होते. घरी आईने भांडी घासायला लावू नयेत म्हणून शिकायला आले आणि इथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची भांडी घासतेय! आमच्या शेजारी गावातल्या एक मावशी कामाला होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्या धुतलेलं खापर हातात घेऊन नखाने टिचकी मारायच्या आणि आवाजावरून दोन ढीग करायच्या. जोर्वे पद्धतीचं भांडं चांगलं भाजलेलं असतं, लालसर नारिंगी, वर काळ्या रंगाच्या तिरक्या रेघा किंवा जाळी. ते खणखणतं. जाड्याभरड्या साठवणीच्या रांजणाचा तुकडा बद्द वाजतो. मावशींनी माझ्या हातात एक तोटी दिली, लांब नळीची. म्हणाल्या, "ही बघ, हिच्यातनं धार बारीक पडती. तेल नायतर दूध असंल. पाण्याला एवढी नाजूक कशाला करतंय कोण?" आमच्या सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मावशींचं नाव लिहून घेतलेलं मला आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. हंगाम संपला की एप्रिल-मे हे दोन महिने खोदकाम बंद असतं, मुलं मोकळी असतात आणि पोती तुंबलेली असतात. ही तीन गाठोडी एकत्र का बांधू नयेत? राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं नाशिकचं कार्यालय सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात आहे. दगडी जोत्याचा, जाड भिंतींचा, उन्हाळ्यात त्यातल्या त्यात थंड. तिथे किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या सावलीच्या पडवीत मे महिन्यात पॉटरी यार्ड उघडावं. डेक्कन कॉलेजच्या किंवा खात्याच्या एका जाणत्या माणसाची देखरेख, पंधरा-वीस स्वयंसेवक, रोज सकाळचे चार तास. निवृत्त शिक्षक या, गृहिणी या, बारावीचा निकाल लागायची वाट पाहणारी पोरं या. कुणाला परवान्यावर नाव चढवायला नको, कारण कुणी खोदत नाही.

तज्ज्ञांमधल्या माझ्या काही जुन्या मित्रांना हे पटत नाही. हौशी लोक घोळ घालतात, म्हणतात. घोळ चिठ्ठ्यांचा होतो हे खरं. पण चिठ्ठ्या सांभाळायला एक माणूस नेमा. बँकेत आयुष्य काढलेला निवृत्त कारकून या कामात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज मागे टाकेल. चोरी होईल, असंही म्हणतात. होऊ शकते, म्हणून मणी आणि नाणी यार्डात येतच नाहीत, ती थेट नोंदवहीत आणि कुलपात जातात. एक हरकत मात्र मला पूर्ण मान्य आहे. फुकट राबणारे आले की रोजंदारीवरच्या मावशींच्या पोटावर पाय येईल. तसं होता कामा नये. मंजूर मजुरी तशीच राहावी, आणि स्वयंसेवकांनी मावशींच्या हाताखाली शिकावं. मी तेच केलं.

सामान्य माणसांना सोबत घेणं जगात नवं नाही. इस्रायलमध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी 1963 ते 65 मध्ये मसादा हा डोंगरी किल्ला खोदला तेव्हा स्वयंसेवकांसाठी चक्क वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. 28 देशांतून माणसं स्वतःच्या खर्चाने आली आणि तंबूत राहिली. त्यामागे त्यांचं राजकारण होतं, राष्ट्र उभारायची घाई होती, त्यावर पुष्कळ टीकाही झाली आहे. ते सगळं इथे आणायची गरज नाही. ब्रिटनमध्ये 1997 पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची योजना आहे, त्यात दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या. तिथले लोक धातूशोधक यंत्रं घेऊन शेतं पालथी घालतात, ते खूळ आपल्याकडे न आलेलंच बरं. पण आपल्याकडे आजवर काय सापडलं आणि कुणाला सापडलं हे तरी बघा. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलेला होता, म्हणून कोणी कोणाला हरवलं हे आपल्याला कळलं. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचं मूळ उपटताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, चारही मिळून साठ किलोंच्या वर. कोकणातली कातळशिल्पं सड्यावर फिरून शोधली ती स्थानिक हौशी मंडळींनी, आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यातलं कुणी परवाना घेऊन खोदायला निघालं नव्हतं.

तरीही आपल्याकडे जमिनीत काही सापडलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. कळवलं की काम थांबणार, पोलीस येणार, ही धास्ती. म्हणून जुन्या नाशकात वाडा पाडून पाया खणताना जेसीबीच्या दातात काय येतं ते बिल्डर जाणे आणि ट्रकवाला जाणे. मी स्वतः एका पाडकामाच्या ढिगाऱ्यात काळ्या-तांबड्या भांड्याचा काठ उचलून पाहिला आहे. तो कुठल्या खोलीवरून आला हे विचारायला तिथे कुणी नव्हतं, आणि खोली माहीत नसेल तर त्या काठाचा मला काडीचा उपयोग नाही. मी तो परत ठेवला.

2027 चा सिंहस्थ आला आहे. घाट, रस्ते, गटारं यांसाठी गोदाकाठ पुन्हा खणला जाणार, आणि हा काठ म्हणजे गावाचा सगळ्यात जुना भाग. मे महिन्यात खापरं धुऊन डोळा तयार झालेल्या दहा-पंधरा माणसांना खणकामाच्या कडेला आळीपाळीने उभं राहू द्या. हातात टेप, वही, कॅमेरा. त्यांनी काही उचलायचं नाही, खोली मोजायची, फोटो काढायचा आणि राखेचा थर किंवा विटांची ओळ दिसली तर सरकारवाड्यात फोन करायचा. यासाठी महापालिकेच्या टेंडरमध्ये एक कलम पुरेल: जुन्या गावठाणात अमुक खोलीच्या खाली खणताना पुरातत्त्व खात्याने नेमलेल्या निरीक्षकाला उभं राहू द्यावं आणि त्याने सांगितलं तर दोन तास यंत्र थांबवावं. ठेकेदार म्हणेल, दोन तासांचं भाडं कोण देणार. रास्त प्रश्न आहे. तेही टेंडरमध्येच धरा.