सूत्रकृमी आणि झाशीचे ऊन

लिंबाचे झाड हळूहळू खंगू लागले की बागाइतदार खत वाढवितो. शत्रू मात्र मुळांत दडलेला असतो. कॉब यांनी १९१३ साली नाव दिलेला हा सूत्रकृमी स्वतः फार दूर जात नाही. रोपाच्या मुळांवरून व मातीतूनच तो नव्या बागेत शिरतो. एकदा शिरल्यावर त्याचे समूळ उच्चाटन होत नाही. विषारी औषधांचा मोहही घातकच : डीबीसीपी बनविणाऱ्या कॅलिफोर्नियातील कामगारांत १९७७ साली वंध्यत्व आढळून आले.

म्हणून बंदोबस्त रोपवाटिकेतच व्हावयास हवा. झाशीचे प्रखर ऊन त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. वैशाखात वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरल्यास वरच्या थरातील कृमी पुष्कळच घटतात. केवळ स्वस्त म्हणून रोगट रोप घेणे म्हणजे बागेचे भवितव्यच गहाण टाकणे होय.