‘तिच्याशी’ बोललात की ‘तिला’ बोललात?

सोमवारची सकाळ. तुम्ही डेस्कवर येऊन जेमतेम पहिला चहा घेताय. तेवढ्यात बॉस जाता जाता थांबतो आणि हळूच म्हणतो, ‘कॅन आय हॅव अ वर्ड?’ शब्दशः बघितलं तर बिचारा एकच शब्द मागतोय. पण तुमच्या पोटात गोळा येतो. साहजिकच आहे! कारण हा ‘अ वर्ड’ कधीच एका शब्दावर थांबत नाही. त्याचा खरा अर्थ, ‘जरा बाजूला ये, हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही.’ कौतुक करायचं असतं, तर ते बहुतेक तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर झालं असतं.

आता दुसरा सीन. कॉफी मशीनपाशी दुसऱ्या टीमची मॅनेजर छान हसून म्हणते, ‘वी शुड टॉक समटाइम!’ तुम्ही खूश. लगेच कॅलेंडर उघडून रिकामा स्लॉट शोधायला लागता. पण तो ‘समटाइम’ काही उजाडत नाही. कारण हे वाक्य म्हणजे आपलं ‘या ना एकदा घरी जेवायला’! भावना खरी असते, तारीख मात्र नसते. आणि हेच ‘वी नीड टू टॉक’ या रूपात गर्लफ्रेंडकडून किंवा बॉयफ्रेंडकडून मोबाइलवर आलं, तर मात्र तारीख आजची असते. ‘शुड’ आणि ‘नीड’ एवढाच काय तो फरक. पण एकात काहीच होत नाही आणि दुसऱ्यात ब्रेकअप होऊ शकतो!

आपल्यापैकी अनेकांचं इंग्रजी शाळेतलं. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या मंडळींची सुरुवात थेट पाचवीत. टेन्स पक्के, स्पेलिंग पक्कं, मेल तर एकदम फर्स्ट क्लास. घोळ होतो तो बोलण्याबद्दलच्याच फ्रेझेसमध्ये. कारण या फ्रेझेस नुसतं काय बोललं गेलं ते सांगत नाहीत. कोण कुणाच्या वर आहे, कोण जवळचा आहे, कोण नाराज आहे, हे त्या सांगतात. आणि डिक्शनरीत नेमकं तेवढंच सापडत नाही.

आधी चौघांची ओळख

से, टेल, स्पीक, टॉक. आपल्याकडे म्हणणं, सांगणं, बोलणं आणि गप्पा मारणं आहेच, पण जोड्या तंतोतंत जुळत नाहीत. ‘टेल’ला समोर माणूस लागतो : टेल मी, टेल हर. ‘से’ला माणूस जोडायचा तर मध्ये ‘टू’ हवाच. मराठीत ‘मी तिला म्हणालो’ आणि ‘मी तिला सांगितलं’ ही दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली. म्हणून ‘आय सेड हर’ तोंडातून सुटून जातं. तीच गत ‘डिस्कस अबाउट’ची. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून तो ‘वर’ इंग्रजीतही शिरतो. इंग्रजीत विषय थेट डिस्कस होतो, मध्ये कुणीही लागत नाही.

‘स्पीक’ जरा इस्त्रीचा शर्ट घातलेला, ‘टॉक’ टी-शर्टमधला. फोनवर अनोळखी माणसाला ‘मे आय स्पीक टू...’, मित्राला ‘कॅन वी टॉक?’ फक्त ‘टू गिव्ह अ टॉक’ म्हणजे मात्र भाषण देणं. तिथे टी-शर्ट चालेलच असं नाही!

खरी गंमत शेपटीत

आता मराठीतलीच एक टेस्ट. ‘सासू सुनेशी बोलली.’ ‘सासू सुनेला बोलली.’ पहिल्या वाक्यात चहा झाला असेल, दुसऱ्यात आदळआपट! नुसत्या ‘शी’ आणि ‘ला’नं घराचं हवामान बदललं. (मुंबईकरांनो, तुमचं ‘मी तिला बोललो की...’ म्हणजे फक्त ‘सांगितलं’, हे मान्य. पण पुण्यात जपून.)

इंग्रजीत हेच काम ‘टॉक’च्या मागचे चिमुकले शब्द करतात. ‘टॉक टू’ आणि ‘टॉक विथ’ म्हणजे सरळ संवाद. ‘टॉक अ‍ॅट’ म्हणजे समोरचा ऐकतोय की नाही याची पर्वा न करता सुरू ठेवणं. ‘टॉक डाउन टू’ म्हणजे समोरच्याला काही कळत नाही असं धरून बोलणं. एखादी सहकारी ‘ही टॉक्स डाउन टू मी’ असं सांगत असेल, तर ती तक्रार आहे. नुसतं ‘हो का?’ म्हणून सोडून देऊ नका.

‘ओव्हर’ची तर डबल ड्यूटी. ‘लेट्स टॉक इट ओव्हर’ म्हणजे बसू, बोलू, मार्ग काढू. पण ‘ही टॉक्ड ओव्हर मी’ म्हणजे माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं आपलं सुरू केलं. एकात मांडवली, दुसऱ्यात कुरघोडी.

‘टॉक समवन इनटू समथिंग’ म्हणजे गळी उतरवणं आणि ‘आउट ऑफ’ म्हणजे मन वळवून थांबवणं. माझी एक मैत्रीण राजीनामा द्यायला केबिनमध्ये गेली आणि तासाभरानं तोच कागद घेऊन बाहेर आली. ‘ही टॉक्ड मी आउट ऑफ इट,’ म्हणाली. या वाक्यात बॉसचं कौशल्य आहे आणि आपला निर्णय थोडासा दुसऱ्यानंच घेतल्याची हलकीशी कबुलीही. नुसतं ‘आय चेंज्ड माय माइंड’ म्हणाली असती, तर ती कबुली गायब!

स्मॉल टॉक इतकाही स्मॉल नाही

‘कामाचं बोला ना, वीकेंड कसा गेला याच्याशी काय घेणं?’ असं वाटणाऱ्यांसाठी एक जुना पुरावा. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ. आज पापुआ न्यू गिनीत असलेल्या ट्रोब्रिअंड बेटांवर ते राहून आले होते. १९२३ मध्ये त्यांनी एका निबंधात मांडलं, की माणसं बरंचसं बोलतात ते माहिती देण्यासाठी नाही, तर नुसतं नातं बांधण्यासाठी. याला त्यांनी नाव दिलं ‘फॅटिक कम्युनियन’. नाव भारी असलं तरी प्रकार आपल्या ओळखीचा. सोसायटीच्या जिन्यात काका विचारतात, ‘काय, झालं का जेवण?’ तुम्ही उपाशी असलात तरी म्हणता, ‘हो, झालं!’ काकांना तुमचा मेनू नको असतो. तुम्ही आहात आणि मी तुम्हाला पाहिलं, एवढंच सांगायचं असतं.

‘हाउ आर यू डुइंग?’ हे अमेरिकन क्लायंटचं ‘झालं का जेवण’. उत्तरात अ‍ॅसिडिटीची हिस्टरी नको आणि तुटक ‘फाइन’ही नको. फंडा सोपा : एक वाक्य आपलं, एक प्रश्न परत. ‘गुड, फायनली गॉट सम स्लीप. हाउ अबाउट यू?’ बस्स. दोन मिनिटांत पूल बांधला जातो आणि पुढे डेडलाइन मागताना त्याच पुलावरून जायचं असतं.

लंच टेबलवर मात्र ‘नो शॉप टॉक, प्लीज’ ऐकलंत, तर सेलची चर्चा थांबवू नका. इथे ‘शॉप’ म्हणजे आपला धंदा, आपलं काम. ‘टॉकिंग शॉप’ म्हणजे जेवतानाही ऑफिसच उकरत बसणं.

‘स्पीक अप’ म्हणजे व्हॉल्यूम नाही

आता जरा सीरियस. हिंजवडीतली आणखी एक मैत्रीण. काम एकदम चोख. तरी सलग दोन वर्षं अप्रेझलमध्ये एकच वाक्य : ‘यू नीड टू स्पीक अप मोअर.’ पहिल्या वर्षी तिला वाटलं आवाज लहान आहे. म्हणून कॉलवर ती हेडसेट तोंडाजवळ धरून बोलायला लागली! खराब लाइनवर ‘स्पीक अप’ म्हणजे मोठ्यानं बोल, हे खरंच. पण अप्रेझलमध्ये त्याचा अर्थ ‘तुझं मत आम्हाला ऐकू येऊ दे’. मध्यंतरी तिनं केलेलं काम दुसऱ्यानं मीटिंगमध्ये मांडलं, प्रमोशनही त्यालाच मिळालं. ती गप्प. ‘मध्येच कसं बोलायचं?’

हा प्रश्न इंग्रजीचा नाहीच. ‘मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये’, ‘विचारल्याशिवाय तोंड उघडू नये’, ‘तोंड वर करून बोलू नकोस’, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. वीस वर्षं जे ‘टॉकिंग बॅक’ म्हणून दाबलं गेलं, तेच ऑफिस पगार देऊन मागतं! फक्त नाव बदलून. ‘टॉक बॅक’ म्हणजे उलट उत्तर, ते ऑफिसमध्येही वाईटच. ‘पुश बॅक’ म्हणजे कारण देऊन, आब राखून विरोध करणं. ‘शी पुश्ड बॅक ऑन द टाइमलाइन’ हे वाक्य बऱ्याच ठिकाणी कौतुकानं म्हटलं जातं. या दोहोंतला फरक ज्याला कळला नाही, तो आयुष्यभर ‘क्वाएट बट हार्डवर्किंग’ राहतो.

डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये ‘टॉकिंग फ्रॉम नाइन टू फाइव्ह’ हे पुस्तक लिहिलं. ऑफिसमध्ये कुणाचं ऐकलं जातं आणि श्रेय कुणाला मिळतं, याचा बोलण्याच्या सवयींशी काय संबंध, हाच त्याचा विषय. म्हणजे हे दुखणं फक्त सांगली-साताऱ्याहून आलेल्यांचं नाही, हे लक्षात ठेवा आणि जरा रिलॅक्स व्हा.

मध्ये शिरायच्या सभ्य वाटा इंग्रजीत भरपूर आहेत. ‘मे आय जंप इन हिअर?’ हा सगळ्यात सेफ. ‘कॅन आय अ‍ॅड टू दॅट?’ यात आधीच्या माणसाचा मानही राहतो. कुणी तुमच्यावरून बोलायला लागलं, तर ‘जस्ट लेट मी फिनिश दिस थॉट’ हे हसून म्हणा. नुसतं ‘लेट मी फिनिश!’ म्हणजे टीव्हीवरचा डिबेट शो. आणि श्रेय दुसरीकडे चाललंय असं दिसलं तर, ‘सिन्स आय वर्क्ड ऑन धिस, लेट मी टेक यू थ्रू इट.’ यात भांडण नाही, पण सगळ्यांना कळतं. मैत्रिणीनं हे शेवटचं वाक्य स्टिकी नोटवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. पहिल्यांदा वापरलं तेव्हा आवाज थरथरला, असं सांगत होती. पण प्रेझेंटेशन तिनंच केलं.

जपून वापरा

‘स्पीक फॉर युअरसेल्फ.’ डिक्शनरीत अगदी निरागस. प्रत्यक्षात ‘तुझं तुझ्यापाशी ठेव, मला त्यात ओढू नकोस.’ मित्रांत धमाल, बॉससमोर आत्मघात. याचाच गुणी भाऊ ‘स्पीकिंग फॉर मायसेल्फ’ म्हणजे ‘माझ्यापुरतं सांगायचं तर’. तो कुठेही चालतो.

‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट.’ यानंतर येतो तो बहुतेक वेळा रिस्पेक्ट नसतोच. तुम्ही म्हणत असाल तर पुढचं वाक्य नीट तोलून घ्या.

‘स्पीक ऑफ द डेव्हिल!’ आठवण काढली आणि माणूस दारात हजर. आपण त्याला शंभर वर्षं आयुष्य देतो, इंग्रज त्याला सैतान म्हणतात! दोस्ताला चालेल. व्हीपी आत शिरत असतील तर मराठी मोडवरच राहा.

‘कुडन्ट गेट अ वर्ड इन एजवाइज.’ समोरचा श्वासच घेईना, मला कडेनंसुद्धा शब्द सरकवता आला नाही. हे मीटिंग संपल्यावर, त्या माणसाच्या पाठीमागे म्हणायचं असतं.

‘पुट इन अ गुड वर्ड.’ याला भाषांतर लागतच नाही. आपलं ‘शब्द टाकणं’! जॉबसाठी सीनियरला विनंती करताना ‘प्लीज रेकमेंड मी’पेक्षा ‘कुड यू पुट इन अ गुड वर्ड फॉर मी?’ कितीतरी मऊ.

‘नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स.’ डिक्शनरी सांगेल अबोला. पण अबोला आपण जवळच्या माणसाशीच धरतो. त्यात रुसवा असतो आणि कुणीतरी तो काढेल अशी आशाही. ‘स्पीकिंग टर्म्स’मध्ये त्या आशेची काही गॅरंटी नाही. एचआरला सांगताना हा फरक ध्यानात असू द्या.

आणि ‘ऑल टॉक’ म्हणजे नुसती बोलाची कढी. ‘ही वॉक्स द टॉक’ म्हणजे बोलतो तसं करून दाखवतो. हे कुणी तुमच्याबद्दल म्हणालं, तर त्या दिवशी टीमला पार्टी द्यायला हरकत नाही.

या आठवड्याचा होमवर्क

फ्रेझेसची यादी पाठ करू नका, ती परीक्षेनंतर जाते. त्याऐवजी फोनमध्ये एक नोट उघडा. बोलण्याबद्दलची फ्रेझ कानावर पडली, की तीन गोष्टी टिपा : कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि त्यानंतर समोरच्याचा चेहरा कसा झाला. अर्थ त्या तिसऱ्या रकान्यात असतो. आठवड्यात पाच नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

आणि येत्या मीटिंगमध्ये एकदा, फक्त एकदाच, ‘मे आय जंप इन हिअर?’ म्हणून बघा. त्यानंतर बोलायचं वाक्य मात्र आधीच तयार ठेवा. नाहीतर सगळे तुमच्याकडे वळून बघतील आणि तुम्ही म्हणाल, ‘सॉरी, आय वॉज ऑन म्यूट!’