अल्बायसीन पुन्हा रिकामं होऊ देऊ नका

ग्रानादाच्या महापौर महोदया आणि सर्व नगरसेवक यांस,



मी आपल्या शहरात पाहुणी म्हणून आले होते. अल्हाम्ब्रा राजवाड्यासमोरच्या टेकडीवर वसलेल्या अल्बायसीनच्या गल्ल्यांतून फिरले आणि त्या वस्तीचा लळा लागला. तिच्या काळजीपोटी हे पत्र लिहिते आहे.

संध्याकाळी सान निकोलासच्या चौकात उभं राहायला जागा नसते. सगळ्यांच्या नजरा दार्रो नदीपलीकडच्या अल्हाम्ब्रावर खिळलेल्या, आणि अल्बायसीन सगळ्यांच्या पाठीमागे. राजवाड्याला १९८४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, युनेस्कोने या वस्तीलाही त्यात सामील केलं. पलीकडे सुलतान राहत होते, इथे त्यांची प्रजा. दोन्ही मिळून शहर होतं.

ही टेकडी राहती झाली ती पाण्यामुळे. अल्फाकारच्या झऱ्याचं पाणी आयनादामार नावाच्या पाटाने डोंगरकडेने इथवर आणलं होतं. ते जमिनीखालच्या हौदांत साठे आणि गल्लीगल्लीतली घरं त्यावर चालत. असे वीसहून अधिक हौद आजही आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, अल्हीबे देल रेय, अकराव्या शतकातला. एल बान्युएलो हा जुना हमामखानाही दार्रोच्या काठी उभा आहे.

आणि ही वस्ती ओस पडली ती हुकुमाने. ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती देणाऱ्या १४९१ च्या तहात मुसलमानांना धर्म, मशिदी आणि कायदा राखण्याचं वचन होतं. १४९९ मध्ये आर्चबिशप सिस्नेरोस यांनी सक्तीची धर्मांतरं सुरू केली, तेव्हा अल्बायसीन पेटून उठलं. १५६८ मध्ये मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, पुन्हा बंड केलं आणि पुढे त्यांना इथून कास्तीयात हाकलण्यात आलं. ओस पडलेली लहान घरं एकत्र करून पुढे अनेक ठिकाणी भिंतींआडच्या बागांची मोठी घरं, म्हणजे कार्मेनं, झाली. ज्या कार्मेनांच्या वेलींचे आणि सुरूंचे फोटो आम्ही काढतो, त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी उठवलेली बिऱ्हाडं आहेत. सान साल्वादोर चर्चच्या बाजूला जुन्या मशिदीचं प्रांगण त्याच्या नालाकृती कमानींसह टिकलं आहे. त्या प्रांगणात उभं राहिल्यावर हा इतिहास विसरता येत नाही.

आज हुकूम नाही, पण भाडं आहे. घर कुटुंबाला देण्यापेक्षा चार रात्रींच्या पाहुण्याला देणं मालकाला परवडतं. भाजीवाला, बेकरी, शाळेत जाणारी मुलं ही वस्तीची खरी लक्षणं. ती गेली तर दगडी चढणी आणि पांढऱ्या भिंती तेवढ्या उरतील. वारसा राहत्या वस्तीचा आहे, म्हणून माणसं उठली की वारसाही गेला.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, आणि सर्वांत निकडीची: आंदालुसिया सरकारने २०२४ मध्ये नगरपालिकांना पर्यटक-निवासांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. तो अल्बायसीनमध्ये पूर्ण ताकदीने वापरा. नवा एकही परवाना देऊ नका आणि रिकामी घरं स्थानिक कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्यात मिळतील अशी व्यवस्था करा. माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी खाली शहरात हॉटेलं आहेत.

दुसरी: आयनादामारचा पाट पुन्हा वाहता करण्यासाठी ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केलं आहे. त्यांना निधी आणि माणसं द्या. ते पाणी पुन्हा अल्बायसीनच्या निदान काही हौदांपर्यंत पोहोचू द्या.

तिसरी: प्रत्येक हौदाशी फलक लावा. त्यावर बांधकामाच्या सनासोबत हे पाणी कोण भरत होतं आणि त्यांना का जावं लागलं, तेही लिहा.

अल्हाम्ब्रासाठी तिकिटं आहेत, पहारेकरी आहेत, मोठं विश्वस्त मंडळ आहे. अल्बायसीनला राखणारे म्हणजे तिथले रहिवासी. त्यांना तिथे टिकवणं हे आपलं काम आहे, आणि त्यासाठी लागणारा अधिकार आज आपल्या हाती आहे.

आपली नम्र,
अल्बायसीनची एक मराठी पाहुणी