प्रथम तालमीच्या मातीत उतरा

पुण्यातील सुशिक्षित तरुण आज मोठ्या संख्येने शरीर कमावण्याकडे वळला आहे, आणि केवळ आरशासमोर उभे राहून दंडाचे माप घेण्यात समाधान न मानता आपल्या अंगी प्रतिकाराचे सामर्थ्यही यावे अशी आकांक्षा तो बाळगू लागला आहे, ही गोष्ट या शहराच्या व्यायामपरंपरेविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाला आनंद देणारी आहे. कोथरूड, औंध, बाणेर या भागांत मुष्टियुद्ध, कराटे, तायक्वांदो, मुए थाई आणि ब्राझिलियन जिउजित्सू यांचे वर्ग चालतात; मोबाइलवर एमएमएच्या, म्हणजे मिश्र युद्धविद्येच्या, लढती पाहिलेली मुले त्यांची चौकशी करतात, आणि प्रकृती सुधारावी व प्रसंगी मिश्र लढतीतही उतरता यावे यासाठी यांपैकी नेमकी कोणती विद्या पत्करावी, हा प्रश्न त्यांच्याबरोबर त्यांच्या पालकांनाही पडतो. माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. प्रथम कुस्ती, आणि तीही शक्यतो पेठेतल्या तालमीत. तिच्या मागोमाग मुष्टियुद्ध. आणि हे दोन्ही अंगवळणी पडल्यावर जमिनीवरील पकडींची व गळफासांची विद्या.

हा क्रम मी केवळ परंपरेच्या अभिमानापोटी सांगत नाही. कोणत्याही युद्धविद्येची पारख करण्याची एकच कसोटी मला विश्वासार्ह वाटते, ती ही की, शिकणाऱ्यासमोर रोज एक जिवंत, विरोध करणारा, आपला डाव हाणून पाडण्यासाठी पूर्ण शक्ती पणाला लावणारा जोडीदार उभा केला जातो किंवा नाही. हवेत मारलेल्या ठोशांनी आणि ठरवून दिलेल्या हालचालींनी अंगाला वळण लागते, दम वाढतो, सांधे मोकळे होतात, हे मला पूर्णपणे मान्य आहे; परंतु समोरचा माणूस जेव्हा आपल्या मनाविरुद्ध वागतो तेव्हा काय करावे, याची जाण त्यांतून येत नाही. आपल्या पूर्वसुरींनी हे ओळखले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कुस्तीला पूरक साधन म्हणून. खांबावर पकड घोटायची, अंग लवचीक करायचे, आणि त्याचा कस पुन्हा हौद्यातच, म्हणजे कुस्तीच्या मातीतच, लावायचा. कराटेतील काता किंवा तायक्वांदोतील पूमसे या ठरवून दिलेल्या हालचालींच्या संचांकडे पालकांनी याच दृष्टीने पाहावे. तायक्वांदोच्या स्पर्धेत तोंडावर ठोसा मारण्यास मुभाच नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो पट्ट्याचा रंग पाहून मुलाच्या लढण्याच्या शक्तीविषयी निर्णय देणार नाही.

तालमीतील पहाट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचे थोडे वर्णन करतो. उजाडण्यापूर्वी पठ्ठे फावड्याने हौदा उकरतात, ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलेली ती लाल माती भुसभुशीत होईपर्यंत परततात, आणि हे काम हाच त्यांचा पहिला व्यायाम असतो. मग जोर आणि बैठका, आणि त्यानंतर लढत. नवख्या मुलाला वस्ताद प्रारंभी डाव शिकवीत नाहीत, खडाखडी करायला लावतात. जोडीदार मानेवर पंजा टाकतो, मनगट पकडतो, कपाळाला कपाळ भिडवून रेटतो, आणि त्या रेट्याखाली तोल सांभाळणे, दुसऱ्याच्या खांद्यातील किंचित हालचालीवरून तो आता पट काढणार, म्हणजे पाय धरून पाडणार, हे ओळखणे, आणि तत्क्षणी पाय मागे टाकून त्याच्यावर भार देणे, हे एवढेच पुष्कळ दिवस चालते. मान, पाठ, कंबर, मांड्या आणि पकड यांना एकाच वेळी असे काम लावणारे यंत्र कोणत्याही व्यायामशाळेत माझ्या पाहण्यात आलेले नाही. आणि डोक्यावर एकही ठोसा न खाता माणूस येथे पूर्ण जोराने लढू शकतो, हा लाभ नोकरदार मनुष्याने विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे.

मिश्र लढतीच्या दृष्टीनेही कुस्तीचा दावा बळकट आहे. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या मिश्र लढतींच्या मालिकेची पहिली स्पर्धा झाली तेव्हा ब्राझिलियन जिउजित्सू खेळणाऱ्या, सडपातळ बांध्याच्या रॉयस ग्रेसीने प्रतिस्पर्ध्यांना बिलगून जमिनीवर आणले आणि जेरीस आणून शरण यायला लावले. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे ज्याच्या हाती असते तो निम्मी लढत जिंकलेला असतो, हा त्या दिवसाचा धडा पुढे कुस्तीगिरांनीच सर्वाधिक परिणामकारकपणे अमलात आणला. आपल्या देशातून रितू फोगट कुस्तीतूनच या क्षेत्रात आली.

तथापि जो पक्ष घ्यायचा त्याची वैगुण्ये झाकून ठेवणे मला मंजूर नाही. आपल्या कुस्तीत गळा आवळण्यास मनाई आहे, त्यामुळे पट काढताना मान पुढे करून घुसण्याची सवय मल्लाला लागू शकते. मिश्र लढतीत हीच मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत सापडते. तसेच पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, म्हणून मल्ल कब्जात सापडला की पोटावर पडून राहतो आणि त्यातच सुरक्षित असतो. परंतु जेथे पाठीवर बसलेला माणूस ठोसे मारू शकतो आणि मागून गळ्याभोवती हात घालू शकतो, तेथे हा बचाव आत्मघातकी ठरतो. मुंबईचा भरत खंडारे हा कुस्तीच्या पायावर उभा राहिलेला मराठी लढवय्या २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शांघाय येथे यूएफसीच्या रिंगणात उतरला, आणि चीनच्या साँग यादाँगकडून पहिल्याच फेरीत गळफासाने पराभूत झाला. तेथवर पोचणे हाच मोठा पराक्रम होता, याविषयी मला शंका नाही. पण पाया उत्तम असूनही उरलेल्या विद्यांना आधीपासून अवधी द्यावा लागतो, हे त्या लढतीने दाखवून दिले.

आणि अवधी दिला तर काय साधते, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीच्या जागी असलेली गादी आणि तिचे नियम यांच्याशी अपरिचित असतानाही सहावे आले; पुढील चार वर्षे त्यांनी मातीतले कसब न सोडता गादीचे कायदे आत्मसात केले, आणि १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले. महाराष्ट्र केसरीच्या किताबासाठी आजही माती आणि गादी या दोन्ही विभागांतील विजेते एकमेकांशी भिडतात. दुसऱ्याचा कायदा शिकून घेण्याचा हा शिरस्ता आपल्या मल्लांना नवा नाही. म्हणून वर्ष-दोन वर्षे माती केल्यावर मुष्टियुद्धाचा वर्ग लावण्यास कोणी संकोच करू नये. ठोशाचे अंतर ओळखणे, हनुवटी खाली ठेवणे, मार येत असता डोळे उघडे ठेवणे, हे कुस्ती शिकवीत नाही. लष्करी छावणीच्या सहवासामुळे ही विद्या पुण्याला परकी नाही, आणि २००१ पासूनच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुष्टियोद्धे व कुस्तीगीर हे दोघेही घडतात. मात्र ज्याला केवळ प्रकृती राखायची आहे त्याने डोक्यावर जोरकस ठोसे घेण्याचा सराव करू नये; मेंदूवरील आघात साठत जातात आणि ते भरून निघत नाहीत, आणि शिकवणारा या बाबतीत बेफिकीर असेल तर त्याचा वर्ग त्याच दिवशी सोडावा.

आता तालमींच्या चालकांना एक विनंती करावयाची आहे, आणि ती मनापासून आहे. गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांसारख्या, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या मल्लाने पठ्ठे घडवले, आणि त्यांचा शिष्य राहुल आवारे याने २०१८ साली गोल्ड कोस्टला तेच पदक जिंकले. एवढ्या तोलामोलाचे शिक्षण ज्या गल्ल्यांत मिळते, तेथून सुशिक्षित तरुण न थांबता पुढे जातो. कारण ही जागा आपल्यासाठी नाही, पूर्णवेळ पैलवानकी करणाऱ्यांसाठीच आहे, अशी त्याची समजूत झाली आहे. वास्तविक याच शहरातील गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांनी जोतिराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके या दोघांनाही मल्लविद्या दिली. मातंग वस्तादाच्या हाताखाली माळी आणि ब्राह्मण तरुण घडावेत, हे त्या काळी ज्या शहरात घडले त्या शहरातील तालमींनी आज कोणाला दार लोटून घ्यावे असे काहीच कारण नाही. मुलींच्या बाबतीतही तेच: २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजयी झाली. मुलींना येथे प्रवेश नाही, ही सबब आता टिकण्यासारखी नाही.

तेव्हा प्रत्येक तालमीने नोकरदारांसाठी संध्याकाळचा एक तास आणि मुलींसाठी स्वतंत्र वेळ मुक्रर करावी; महानगरपालिकेने त्यासाठी गाद्या, स्वच्छतागृहे आणि एका प्रशिक्षिकेचे दरमहा मानधन यांची तजवीज करावी. आणि ज्या तरुणाने हजारोंची फी भरण्यासाठी अर्ज हातात घेतला आहे, त्याने तो भरण्यापूर्वी एकदा आपल्या घराजवळच्या तालमीत पहाटे जावे, चपला बाहेर काढाव्यात, वस्तादांना नमस्कार करावा, आणि मला शिकायचे आहे असे सांगावे.